करकोच्याची दुसरी किटली

चिनी मातीच्या जुन्या जपानी किटल्या जमवायचा नाद मला वडिलांमुळे लागला. मुंबईच्या एका लिलावातून त्यांनी जोडी आणली होती. वेताची मूठ आणि पोटावर सोनेरी काठाचा करकोचा. लग्नात एक मला मिळाली, दुसरी धाकट्या बहिणीला, वेणूला. पुढे मी विधवा झाले, पुन्हा लग्न केलं, आणि वेणूच्या सोलापूरच्या घराचं दार मला बंद झालं. यंदा तिच्या सासूबाई गेल्या. मग तिचा निरोप आला, "अक्का, ये. किटली तुला देऊन टाकते." मला त्यातलं 'ये' तेवढं ऐकू आलं.

पुण्याहून सकाळची पॅसेंजर धरावी. बायकांच्या डब्यात जागा मिळते, पण दौंडच्या पुढे धूळ फार, फिरकीच्या झाकणाचा तांब्या पाण्याने भरून घ्यावा. कुर्डुवाडीला गरम भजी मिळाली. तिथेच चढलेल्या एका धनगरणीने माझी गवत भरलेली पेटी निरखली.

"ह्यात कोंबडी न्हेताय व्हय?"

"नाही हो. चहाची किटली आणायचीय, सोलापुराहून."

"पुण्यात किटल्या मिळत न्हाईत?"

"बहिणीकडची आहे."

"मग तसं सांगा की! भैनीला भेटाया निगालाय. किटलीचं नाव कशाला करता?"

डबाभर हशा पिकला. मीही हसले. मोहोळला उतरताना तिने माझ्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा ओतल्या.

सोलापुरात उतरले तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. टांगेवाला आठ आणे मागेल, चार देऊन बसावं. रस्ताभर माग खटखटत होते. मी मनात वाक्यं जुळवत होते, पहिलं काय बोलायचं त्याची.

वेणू ओसरीवरच उभी होती. केस पिकले होते तिचे. मी पुढे झाले, तशी ती एक पाऊल मागे सरली.

"बस अक्का. दमली असशील."

दाराबाहेरच्या कोनाड्यातून तिने ती किटली काढून माझ्यापुढे ठेवली, आतून चहाचं पितळी पातेलं आणलं आणि वरून, धार धरून, चहा किटलीत ओतला. शेजारी कानतुटका कप. आमच्याकडे चिनी माती स्वयंपाकघरात जात नाही. घरचं पितळी भांडं ज्यांना द्यायचं नाही, त्यांच्यासाठी ती बाहेर ठेवतात.

"तू नाही घेत?"

"मी आत घेईन."

"वेणू, सासूबाई गेल्या ना आता?"

"त्या गेल्या. मी आहे ना."

आत बांगड्या वाजल्या. भाचीला, शकूला, मी पाळण्यात पाहिलं होतं. ती बाहेर आली नाही.

वेणूने आवाज खाली आणला. "शकूला बघायला परवा माणसं येताहेत. फार कर्मठ आहेत. ओसरीवर चिनी माती दिसली की विचारतील, इथे चहा प्यायला येतं कोण? म्हणून म्हटलं, ही तूच ने. आणि अक्का, रात्रीची गाडी आहे ना तुला?"

"आहे," मी म्हटलं.

जुनी किटली घेताना नखाने वाजवून पाहावी, तडा असला तर आवाज बसका येतो. मी सवयीने वाजवली. खणखणीत होती. निघताना वेणूने शेंगांच्या चटणीची पुडी माझ्या हातात वरून टाकली. तिचे डोळे भरले होते. पण हात खाली आला नाही.

घरी ह्यांनी कपाटात जागा करून ठेवली होती. "झाली एकदाची जोडी!" म्हणाले.

सोलापूरला कोणी जाणार असाल तर चटणी जरूर आणा, महिनाभर टिकते. आमची संपली. किटल्या शेजारी शेजारी आहेत. दोन्ही करकोचे एकाच दिशेला बघतात. त्यांची तोंडं एकमेकांकडे करावीत म्हणून मी खूप फिरवून पाहिलं. पण चितारणाऱ्याने एकाच बाजूला चित्र काढलंय. समोरासमोर आणायचं तर एकीचा करकोचा भिंतीकडे जातो.