पायरीवरची बाई

आम्ही म्हाताऱ्या बायकांनी मिळून सोलापुरात राहायला सोसायटी काढली. तिला चेअरमन आहे, पण ती चालते तळमजल्यावरच्या बाईच्या मर्जीनं. ही जिन्याच्या पायरीवर पाय पसरून मिश्री लावत बसते आणि कुणाचा मुलगा आईला घरी न्यायला आला, की त्याला अडवते.

"कामवाली सोडून गेली व्हय?"

बहुतेक मुलगे बुटांकडे बघतात. मग ही थुंकून म्हणते, "दुसरी बघा की. ही आमची हाय."

परवा तिचाच मुलगा आला. तिनं त्याला चहा दिला, स्वतःच्या कपड्यांची पिशवी भरली आणि माझ्या दाराशी आली.

"माज्या तोंडातनं न्हाय निघायचं. तूच इचार की त्याला."

मी विचारलं. तो कपाकडे बघत राहिला.

तिनं पिशवीतनं मिश्रीची डबी काढली आणि पायरीवर जाऊन बसली.