गालाच्या आतला थर पाहावयास मिळणेबाबत

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे, अविवाहित, शिक्षण दहावी पास व अकरावी अपुरी. व्यवसाय अर्जलेखन. राहणार घाटकोपर पश्चिम, डोंगरावरची चाळ.

ज्यांच्याबाबत अर्ज : माझी थोरली बहीण. अविवाहित. हयात नाही.

वस्तू : काचपट्टी एक. तिच्यावर बहिणीच्या उजव्या गालाच्या आतल्या बाजूचा तुकडा, रुग्णालयाने तपासणीसाठी काढलेला.

प्रसंगाची तारीख : बहीण गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातला एक शनिवार.

साक्षीदार : एक, प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई. दोन, त्यांच्या प्रयोगशाळेतला शिपाई, जो त्या वेळी बरण्या पुसत होता.

नावे मुद्दाम घातलेली नाहीत. ज्यांनी माझ्याशी चांगुलपणा केला त्यांना पुढे कोणी प्रश्न विचारत बसू नये, एवढीच त्यामागची दक्षता. मागणी शेवटी लिहिली आहे. त्याआधीचे निवेदन तिची पार्श्वभूमी म्हणून वाचावे. माझ्या अनुभवात पार्श्वभूमी कोणी वाचत नाही, तरीही मी ती प्रत्येक अर्जाला लिहितो.

मी मुलुंडला एका सरकारी कचेरीसमोर टेबल मांडून बसतो. उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, नावातील बदल, शेजाऱ्याचे गळणारे पाणी, अशा सर्व बाबी माझ्या हातून गेल्या आहेत. वकिलाकडे जाऊन आलेली माणसेही शेवटी माझ्याकडून मजकूर तपासून घेतात. घरी मात्र या गोष्टीची फारशी कदर नव्हती. मी जेवायला बसलो की बहीण म्हणायची, "काय वकीलसाहेब, आज कोणाचा निकाल लावलात?" आणि ताटात भात वाढायची.

आमचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर ते गावी, कोकणात गेले ते तिकडचेच झाले. बहीण माझ्यापेक्षा बरीच मोठी. ती औषधांच्या कंपनीत गोळ्या भरण्याच्या कामाला लागली, मी शाळेत राहिलो, आणि आम्हां दोघांची एक खोली तशीच चालू राहिली. लग्नाचा विषय आधी तिचा निघायचा, मग माझा, मग कोणाचाच निघेनासा झाला. ती दात घासायला मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, वापरी. गावच्या सगळ्या बायका वापरत. गालात पांढरा चट्टा दिसला तेव्हा ती म्हणाली की तिखट लागले असेल.

रुग्णालयाचा अहवाल इंग्रजीत होता. त्यातील एकही शब्द न समजता मी तो डॉक्टरांसमोर धरून उभा राहिलो, हे मला सहन झाले नाही. दुसऱ्याच दिवशी रद्दीवाल्याकडून नववी आणि दहावीची विज्ञानाची पुस्तके आणली. नववीच्या पुस्तकात ऊतींचा धडा आहे. एकसारख्या पेशी एकत्र येऊन एकच काम करू लागल्या की त्या समूहाला ऊती म्हणतात. प्राण्यांच्या शरीरात ऊती मुख्यतः चार प्रकारच्या : आच्छादन करणारी अभिस्तर, जोडून ठेवणारी संयोजी, हालचाल करणारी स्नायू आणि निरोप पोचवणारी चेता. गालाच्या आतला थर हा अभिस्तर. चपट्या पेशी, थरावर थर. दुखणे त्या थरात सुरू झाले होते.

संध्याकाळी मी हे बहिणीला वाचून दाखवू लागलो. तिला बोलायला त्रास होई, ऐकायला नाही. ऊतींचा धडा तिला आवडला नाही. दहावीच्या पुस्तकातला प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आवडला. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांची एवढी घराणी असतात हे ऐकून ती उशीला टेकून बसली. तिसऱ्या, कालवे हे शिंपल्यांतले जीव मृदुकाय, म्हणजे मऊ अंगाची, हे तिने लगेच मान्य केले. तिच्या हातच्या तिसऱ्यांच्या सुक्यावर मी वाढलो होतो, त्यामुळे अंग मऊ की नाही याचा निर्णय तीच देऊ शकत होती. गांडूळ वलयांचे, हेही ठीक. संधिपाद आले तेव्हा मात्र वाद झाला. मी वाचले की कोळंबी, कुर्ली, विंचू आणि झुरळ हे सर्व एकाच संघातले, सर्वांचे पाय सांध्यांचे.

"कोळंबी मासळी नाय?" तिने विचारले.

मी सांगितले की नाही, पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे.

"म्हणजे मी जलमभर झुरळाची भावंडां खाल्लंय?" ती म्हणाली. मग गाल दुखेल म्हणून एका बाजूने हसली. "बाजारात सांगू नकोस हा. भाव पडतलो."

त्याच सुमारास डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात मत घेण्यास सांगितले. त्यासाठी पहिल्या रुग्णालयाने ती काचपट्टी पुठ्ठ्याच्या डबीत घालून माझ्या ताब्यात दिली. मोठ्या रुग्णालयाने ती पाहिली, मत तेच दिले, काच परत केली. मी ती घरी आणून सुरक्षित केली. महत्त्वाची कागदपत्रे मी नेहमी पूर्णपणे सेलोटेपने मढवतो. रेशनकार्ड, जन्मदाखला, माझ्या टेबलावर आलेले जीर्ण सातबारे, सर्वांना हीच पद्धत लावली आहे आणि आजवर एकही तक्रार आलेली नाही. काचेला दोन्ही बाजूंनी टेप लावला, कडा दाबल्या, हवा राहू दिली नाही. चाळीत पावसाळ्यात भिंतींना ओल येते.

बहीण गेली. कपडे गावच्या बायका घेऊन गेल्या. फोटो भिंतीवर आहे, पण तो कंपनीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यात ती कोणाकडेच पाहत नाही. डबी माझ्या कपाटात राहिली. एके दिवशी मनात आले की तिच्या शरीरापैकी या जगात आता एवढेच उरले आहे, आणि ते मी पाहिलेले नाही. डॉक्टरांनी पाहिले, मोठ्या डॉक्टरांनी पाहिले. मी पाहिलेले नाही.

बाई माझ्या टेबलावर लग्नानंतरच्या नावाचे प्रतिज्ञापत्र करायला आल्या होत्या. व्यवसायाच्या रकान्यासाठी विचारले तेव्हा कळले की त्या जवळच्याच कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतात. मी प्रतिज्ञापत्र पूर्ण केले, मग माझ्याकडच्या काचेचे सांगितले. त्या म्हणाल्या की शनिवारी दुपारी मुले गेली की या. मी प्राचार्यांच्या नावे रीतसर अर्ज लिहून नेला. बाई हसल्या. "काका, अर्ज कशाला? नुसतं यायचं ना." तरी मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

बाई कोणाच्या तरी फोनमध्ये अडकल्या होत्या, म्हणून मला प्रयोगशाळेत बसवले. भिंतीला लागून काचेच्या बरण्या होत्या आणि शिपाई फडक्याने त्या एकेक पुसत होता. जेलीफिश पाण्यात विरघळत चालल्यासारखा. पट्टकृमी गुंडाळलेल्या नाडीसारखा. तारामासा, कंटकचर्मी. एक पिवळट, भोके पडलेला गोळा होता. मी विचारले, ही कसली वनस्पती. शिपाई म्हणाला, "वनस्पती नाही साहेब, स्पंज. प्राणी आहे. मी पण नवीन असताना हेच विचारलेलं."

बाई आल्यावर मी त्यांच्याकडे हरकत नोंदवली. जो हलत नाही, ज्याला तोंड नाही, त्याला प्राणी ठरवणे मला एकतर्फी वाटले. बाईंनी सांगितले की स्पंजाला ऊतीच नसतात. पेशी असतात, एकत्र राहतात, पण खऱ्या अर्थाने ऊती बनवत नाहीत. काही जातींचा स्पंज बारीक कापडातून गाळला तर त्याच्या पेशी सुट्या होतात आणि पाण्यात राहू दिल्या तर पुन्हा शोधत शोधत एकमेकींना येऊन चिकटतात. मी विचारले की माणसाच्या पेशींचे असे होते का. त्या म्हणाल्या, नाही, कापडातून गाळलेला माणूस पुन्हा उभा राहत नाही. मी हरकत मागे घेतली.

मग मी डबी दिली. बाईंनी काच उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"काका, याला काय लावलंय?"

"सेलोटेप. ओल लागू नये म्हणून."

त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मला पाहायला सांगितले. मला गुलाबी धुके दिसले आणि त्यात काळ्या कडांचे गोल. ते गोल टेपच्या गोंदातली हवा होती, असे बाई म्हणाल्या. त्यांनी भिंगे बदलली, चक्र पुढे-मागे केले. धुके धुकेच राहिले. मग त्यांनी ब्लेडने एका कोपऱ्यातला टेप उचलायला सुरुवात केली. तुकड्यावर एक फार पातळ काच झाकणासारखी बसवलेली असते, हे मला ठाऊक नव्हते. टेपबरोबर ती काचही उचलली जाऊ लागली आणि कोपऱ्याला केसाएवढी भेग गेली.

बाईंनी हात थांबवला. टेप ओढला तर वरची काच निघेल आणि तिच्याबरोबर आतला तुकडाही फाटून येईल. विरघळवायला रसायन आहे, पण ते काच चिकटवलेला पदार्थही विरघळवते. कदाचित जमेल, कदाचित नाही. "तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

दिवसभर मी लोकांना सांगत असतो की अमुक करा, तमुक करू नका. त्या वेळी मी भेग गेलेल्या कोपऱ्याकडे पाहत राहिलो. शिपायाने हातातली बरणी खाली ठेवली आणि तोही वाट पाहू लागला. शेवटी मी म्हणालो, राहू द्या. बाईंनी काच पुन्हा डबीत ठेवली, अगदी हळू, झोपलेल्या मुलाला ठेवावे तशी.

मी निघालो तर त्यांनी थांबवले. एक दातकोरणी दिली आणि सांगितले की माझ्याच गालाच्या आतून हलके खरवडा. अकरावीच्या मुलांना हाच प्रयोग असतो. त्यांनी ते काचेवर पसरले, निळा थेंब सोडला, वर पातळ काच ठेवली. यावेळी धुके नव्हते. वेड्यावाकड्या कडांच्या, फुटक्या फरशीच्या तुकड्यांसारख्या पेशी, प्रत्येकीच्या मध्ये एक गडद ठिपका. काही कडेने दुमडलेल्या. त्या एकमेकींपासून फार लांब पडल्या होत्या. मध्ये नुसता उजेड होता.

मी विचारले की या इतक्या लांब लांब का.

"खरवडून काढल्यात ना," बाई म्हणाल्या. "आत असतात तेव्हा एकमेकींना घट्ट धरून असतात, थरावर थर. तुमच्या ताईंच्या काचेवर तसं दिसलं असतं. त्यात उभा काप असतो. दुखण्याच्या कडेला थोडा चांगला भागही असतो बहुतेक."

त्यांनीच सांगितले की रुग्णालय मूळ तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवते. त्यातून आणखी एक पातळ काप काढता येतो.

मी पहिल्या रुग्णालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पाहून सांगितले की ठोकळा अजून आहे. पण नवीन काच रुग्णाला किंवा दुसऱ्या डॉक्टरांच्या मतासाठी देतात, आणि रुग्ण तर हयात नाही. तरी अर्ज करा, त्या म्हणाल्या, कारण लिहा.

कारणे लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. विम्याचा दावा, वारसाहक्क, न्यायालयीन काम, यांपैकी कोणतेही कारण मी असे लिहू शकतो की ते नाकारणे कठीण जाईल. मी तसे तीन मसुदे केले. रात्री खोलीत मोठ्याने वाचले आणि फाडले. तिच्याबाबत लिहिण्याचा हा माझा शेवटचा अर्ज असेल. त्यात खोटे असू नये असे वाटले.

तरी माननीय विभागप्रमुखांस नम्र विनंती की, माझ्या दिवंगत बहिणीच्या जतन केलेल्या ठोकळ्यातून एक काप काढून त्याची काचपट्टी मला मिळावी. ती देणे नियमात बसत नसल्यास आपल्याच विभागात, आपल्याच सूक्ष्मदर्शकाखाली, आपल्या सोयीच्या वेळी ती एकदा पाहू द्यावी. कारण : पाहणे. अन्य उपयोग नाही. दाखवणाऱ्याने कृपया दुखण्याचा भाग आधी दाखवू नये, कडेचा चांगला भाग दाखवावा.

होकार असो वा नकार, उत्तर लेखी मिळावे. रजिस्टर टपाल पाठवल्यास दिवसा घरी सही करून घेणारे कोणी नाही. म्हणून ते शनिवारी दुपारनंतर पोचेल असे पाठवावे, मी दार उघडे ठेवून बसेन.

आपला विश्वासू,
अर्जदार