तळ्यावरची मेलेली बदकं

एस.टी.च्या फाट्यापासून चार मैल चालून राजाराम तळ्याच्या बांधावर पोचला, तेव्हा उन्हं चांगलीच चढली होती. हातात भुशात बांधलेल्या बर्फाचा डबा होता. सांगलीच्या बर्फ कारखान्यातून शिगोशीग भरून घेतलेला तो डबा आता निम्म्यावर आला होता.

तासगावच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात राजारामची नऊ वर्षं गेली होती. थंडीत उत्तरेकडून येणारी बदकं तळ्यावर मरताहेत, असा निरोप आला, तेव्हा डॉक्टरांनी त्यालाच धाडलं. "कोंबड्यांची मानमोडी असेल, नाहीतर पुस्तकात वाचलेला पाखरांचा फ्लू. चार पाखरं बर्फात घालून आण, पुण्याला पाठवू. बाकीची पुरून टाकायला सांग," ते म्हणाले होते.

काठच्या चिखलात बदकं पडली होती. काही उताणी, काहींच्या माना पाठीवर पिळवटलेल्या. एक जिवंत बदक पाण्यात नुसतंच गोल गोल फिरत होतं. वर घारी घिरट्या घालत होत्या आणि कुत्री एकेक पाखरू ओढून गावाकडं नेत होती.

बांधावर धुळा धनगर मेंढरं घेऊन बसला होता. "आठ दिस झालं असं," तो म्हणाला. "आता आमच्या कोंबड्याबी गेल्या. धोंडुबाईनं सकाळी खुराडं उघडलं, तर धाच्या धा मेल्याल्या."

राजारामनं हाताला फडकं गुंडाळून चार ताजी पाखरं डब्यात घातली आणि गावचे पोलीस पाटील आप्पासो यांना गाठलं. गुरांना टोचायला डॉक्टरांबरोबर येणाऱ्या राजारामला ते ओळखत होते. सगळं ऐकून घेऊन पाटील सरळपणानंच म्हणाले, "बरं झालं, तूच आलास. तुमच्या वस्तीतल्या लोकास्नी सांग, उचलून टाकतील. पयल्यापासनं त्येंचंच काम हाय."

राजारामनं हातातल्या डब्याकडं पाहिलं. छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच आठवड्यात त्याच्या बापानं, केरूनं, मेलेली ढोरं ओढायचा दोर जाळून टाकला होता. त्यापायी त्यांच्या गावानं सहा महिने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. त्याच बापाच्या पोराच्या हातात आज मेलेल्या पाखरांचा डबा होता.

"ते काम आमी सोडलं, पाटील," तो म्हणाला. "मी दवाखान्याकडनं आलोय. कोंबड्या समद्यांच्या मरत्यात, तवा खड्डाबी समद्यांनी खणायचा."

"बघतो," पाटील म्हणाले, आणि घरात गेले.

दुपार कलली तरी कुणी आलं नाही. बौद्ध वस्तीतली माणसंही आली नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. पण कुत्री काही थांबत नव्हती. शेवटी राजारामनं धुळ्याकडून कुदळ मागून घेतली. हे काम करावं की करू नये, याचा विचार करायचंही आता त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. जमीन दगडासारखी कडक. हातभर खणेपर्यंत तळहाताला फोड आले.

थोड्या वेळानं धुळा मेंढरं बायकोवर सोपवून आला आणि माती उपसायला लागला. मग धोंडुबाई आपल्या दहा कोंबड्या पाटीत घालून आली. तिच्यामागं वस्तीतले दोघं आले. त्यातला बाळासो राजारामला म्हणाला, "गावासाठी न्हाई आलो. तू एकला खणतोयस म्हनून आलो." दिवस मावळायच्या आत तीनशेवर पाखरं खड्ड्यात गेली. चुना मात्र पाटलांनी गड्याच्या हाती पाठवला. ते स्वतः आले नाहीत.

धोंडुबाईनं त्याला भाकरी दिली. राजारामनं राखेनं तीनदा हात धुतले, तरी घास तोंडाजवळ नेताना वास येत होता.

"परत कोंबड्या पाळू का रं, बाबा?" तिनं विचारलं.

"दोन-तीन म्हैने थांबा, मावशी. खुराडं चुन्यानं सारवून घ्या. म्होरचं मलाबी म्हाईत न्हाई."

पंधरा दिवसांनी पुण्याहून कागद आला. डबा पोचेपर्यंत बर्फ संपला होता आणि नमुने नासले होते; ताजे पाठवावेत. तोवर दुसऱ्या दोन तळ्यांवरही बदकं मेल्याची खबर आली होती. डॉक्टरांनी कागद वाचून दाखवला आणि चष्मा काढून डोळे चोळले. "जाशील का?" त्यांनी विचारलं.

राजाराम त्या दोन्ही तळ्यांवर जाऊन आला. पण उरलेली बदकं तोवर उडून गेली होती, आणि काठावर नुसती पिसं आणि हाडं होती. रोगाचं नाव शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. दवाखान्याच्या वहीत डॉक्टरांनी 'कारण अज्ञात' असं लिहिलं. राजारामनं डबा धुऊन उन्हात पालथा घातला आणि बाहेर बैलाच्या खांद्याला आलेलं गळू फोडून घ्यायला कुणी थांबलं होतं, तिकडं गेला.