सासूबाईंनी झाकलेली कावीळ

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगते! खुशाल हसा. फक्त आमच्या सासूबाईंना नावं ठेवू नका, ती गावानं भरपूर ठेवून झालीत. आणि कुणामुळे? माझ्यामुळे!

मी पोशीरची आशाताई. 'पाणी उकळून प्या, हात साबणानं धुवा' हे दारोदार सांगणं माझं कामच. आणि कावीळ झाली कुणाला? मलाच! डोळे असे पिवळेजर्द, की आरशात बघून मीच दचकले.

कर्जतचे डॉक्टर म्हणाले, "दूषित खाण्यापाण्यातून येणारी कावीळ आहे. आराम केलात की बरी होईल. पण मी सांगेपर्यंत कुणासाठी रांधू-वाढू नका. संडासहून आलात की हात साबणानं स्वच्छ धुवा. घरच्यांनाही एकदा दाखवून घ्या."

घरच्यांना दाखवलं. पण गावाला कसं सांगायचं? आशाताईलाच कावीळ म्हटल्यावर माझं पुढे ऐकणार कोण?

"आई, कुणाला बोलू नका हं!"

"नाय बोलत गं. तू गुमान पड."

मग काय! डोळ्यांवर काळा चष्मा चढवून मी ओटीवर. शेजारच्या शेवंताकाकूंनी कुंपणावरून पाहिलं. सून चुलीकडं फिरकत नाही, ताट वेगळं, चार दिवसांत वाळलेली, वर काळा चष्मा! संध्याकाळपर्यंत गावभर झालं, 'म्हातारीनं सुनेचा डोळा फोडला!'

किराणा दुकानात बायकांनी सासूबाईंना घेरलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हाय मी खाष्ट! तुमाला काय करायचंय?" आणि घरी येऊन मला मऊ भात कालवून दिला.

तेव्हा तरी मी तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं. लाज!

तिसऱ्या दिवशी दारात टेंपो. काकूंनी माझ्या भावाला फोन केला होता. तो तरातरा आत आला, मागून अर्धी आळी.

"ताई, कपडे भर! चल घरी."

"नको रं नेऊ," सासूबाई म्हणाल्या. "तिला झेपायचं नाय."

"कोंडून ठेवायचीय का तिला?" तो त्यांच्यावर केवढ्यानं ओरडला! सासूबाई खाली मान घालून उभ्या. दिलेला शब्द मोडेनात.

मग मात्र मला राहवेना. चष्मा काढून फेकला. "अरे, कावीळ झालीय मला!"

सगळी आळी दोन पावलं मागे! भाऊ सासूबाईंच्या पायाशी.

"ऊठ रं. च्या ठेवते," त्या म्हणाल्या. "आधी हात धू. साबणानं!"

शेवंताकाकूंचं मात्र कुतूहल संपेना. "पण तुला कशी गं झाली? भायेर काय खाल्लंवतंस?"

"महिन्यामागं... खोपोलीला... बर्फाचा गोळा."

"गोळा? आमाला बर्फाला हात लावू देत नायस ती! आन् खोपोलीला कशाला गेलीवतीस?"

"ट्रेनिंगला."

"कसलं ट्रेनिंग?"

आता काय लपवायचं? सांगून टाकलं, "दूषित पाण्यापासून होणारे आजार."