लग्नाची तिसरी पुकार

आज देवळात पाळकसाहेबांनी मार्थाचं लग्न तिसऱ्यांदा पुकारलं. आमच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार उपासनेत दोघांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर त्यानं बोलावं, असं म्हणतात. मार्था माझ्या पुढच्याच चटईवर बसली होती. हरकत विचारली तेव्हा तिनं मान वर करून सगळीकडं पाहिलं. कुणी उठलं नाही. एक म्हातारी खोकली, तेवढंच.

माझ्या वेळी मीही अशीच वाट पाहिली होती. नवरा मुलगा मी पाहिलासुद्धा नव्हता. हरकत घ्यायची ती दुसऱ्यांनी, असंच मला वाटायचं. नवरीलाही घेता येते, हे पाळकीणबाईंनी सांगितलं तेव्हा माझी पोरंही मोठी झाली होती. ऐकून मला रडू आलं नाही, रागही आला नाही. माणूस वाईट नव्हता. हात उगारला नाही, कधी नावानं हाकही मारली नाही. हिवाळ्यात नदीवर धुणं धुताना शेवटी बोटांना पाणी गार लागेनासं होतं, तसं माझं झालं आहे.

उपासना सुटल्यावर चपला घालताना मी मार्थाच्या कानाशी म्हटलं, "पोरी, हरकत नवरीलाही घेता येते."

ती हसली. "मावशी, मग आधीच्या रविवारी का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही गं."

"मला तरी कुठं झाला असता," ती म्हणाली, आणि आईनं हाक मारली तशी गेली.