टेकडी बोलून राह्यली

कौसल्यानं देव सोडले होते, उपास सोडले होते, अंगात येणाऱ्या बायांच्या पाया पडणं सोडलं होतं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर तिच्या बापानं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. त्या दिवसापासून तिनं मागं वळून पाहिलं नाही. एवढी धीट बाई! आणि नवऱ्याचं नाव घे म्हटलं की हिची दातखीळ बसायची. तेवढं काही सुटलं नाही बघा. लग्नात बायांनी दारात अडवून एकदा घ्यायला लावलं, तेही तिनं तोंडावर पदर धरून घेतलं आणि पोरींच्या हसण्यात ते कुणाला ऐकू आलं नाही. नवरदेवालासुद्धा नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

इतर बायांचं भागतं. लेकरू झालं की 'बबनचे बापू' म्हणून हाक मारता येते, नवऱ्यालाही 'बबनची माय' म्हणता येतं. कौसल्या आणि संपतला लेकरू झालं नाही. म्हणून एकमेकांना हाक मारायला त्यांच्याकडं काही नव्हतंच. तो म्हणायचा, 'अवं.' ती म्हणायची, 'ऐकलं का.' सासू चतुराबाई चुलीपाशी बसून कुरकुर करायची, पण संपतनं एका शब्दानं बायकोला कधी दुखवलं नाही. 'दुसरी कर' म्हणणाऱ्या एका पाहुण्याला तर त्यानं हातातला चहा संपायच्या आत वाटेला लावलं होतं. असा माणूस. त्याचं नाव ओठावर येत नव्हतं, आणि सगळा जीव मात्र त्याच्यातच.

शहात्तर साली धावडा गावाच्या पुढं डोंगरात तलावाचं काम निघालं. दोघंही कामावर लागले. ती बांधावर मातीच्या पाट्या वाहायची. तो पलीकडं सांडव्यावर. तलाव भरला की जास्तीचं पाणी जायला खडकातून जो चर काढतात, तो सांडवा. तिथला खडक सुरुंगानं फोडायचा होता. भुजंग नावाचा म्हातारा सुरुंगवाला दारू भरायचा, वाती पेटवायचा, आणि संपत त्याच्या हाताखाली. बांधावरून सांडवा दिसत नसे. धडाम झालं की कौसल्याची पाटी खाली. संपतचा पिवळा पटका वळणावर दिसेपर्यंत ती पाटी काही वर जायची नाही.

"अगं, उचल की," सोबतीण कांताबाई म्हणायची. "तुझ्या बघण्यानं का दगड थांबून राह्यलेत?"

"थांबतेत का न्हाई काय म्हाईत," कौसल्या म्हणायची. "मला दिसला पाहिजे माणूस."

मग एक दिवस सुरुंगाचा दगड उडून खालच्या गाडीवाटेवर गेला आणि एका बैलाचा पाय मोडला. शिट्टी आणि लाल झेंडीवर भागेना. तेव्हा साहेबांनी कुठून तरी खटपट करून तीन वॉकीटॉकी आणवले. ओव्हरसियर बद्रीनाथनं ते तंबूसमोर घोंगडीवर मांडले. कातड्याच्या पिशवीत विटेएवढे जड डबे. एक तंबूत राहणार, एक सांडव्यावर संपतपाशी, आणि एक समोरच्या टेकडीवर. तिथून गाडीवाटही दिसते आणि सांडवाही.

"टेकडीवर कोण जातं? वेळ लिहून ठेवता आली पाहिजे," बद्रीनाथनं विचारलं.

सांडवा दिसतो म्हटल्यावर कौसल्याचा हात आपसूक वर गेला. चौथी पास होती ती. मुकादम कचरूनं तोंड वाकडं केलं, "बाईच्या हातात मशीन?" तर बद्रीनाथ म्हणाला, "तुम्हाला येतं का लिहायला, कचरूभाऊ?" कचरूभाऊ तंबाखू मळायला लागले.

शिकवणी अर्धा दिवस चालली. सेल घालताना टोकाचं तोंड कुठं, पाठ कुठं, हे आधी बघायचं. एरियल पूर्ण ओढायचं, अर्ध्यावर ठेवलं तर आवाज अर्ध्या वाटेतच मरतो. डबा उभा धरायचा, तोंडापासून चार बोटं लांब. एका गोल खटक्यानं खरखर कमी करायची, पण जास्त फिरवला तर माणसाचा आवाजही गडप, म्हणून खरखर जिथं थांबते तिथंच हात थांबवायचा. बोलायचं असेल तर बगलेतलं बटन दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं, शेवटी 'ओव्हर' म्हणायचं आणि बटन सोडायचं.

"सोडायचं!" बद्रीनाथनं बोट नाचवलं. "दाबून धराल तर तुम्हाला कुणाचंच ऐकू येणार नाही. आणि आधी नुसती हाक. समोरून उत्तर आलं की मगच निरोप. ऐकणाराच तयार नसला तर निरोप जातो वाऱ्यावर. चला, मारा हाक. 'संपत, संपत, मी कौसल्या, ओव्हर.'"

संपत पलीकडं सांडव्यावर उभा. कौसल्यानं बटन दाबलं. एक श्वास थांबली. दोन थांबली. चार थांबली. बांधावरच्या बाया पाट्या टाकून बघायला लागल्या.

"घे की नाव!" कांताबाई ओरडली. "घास भरवून घेतीस का आता?"

हशा पिकला. बद्रीनाथ वैतागला. मग त्यानं डबा हातात घेऊन संपतला सांगितलं, तुम्ही मारा हाक. बराच वेळ खरखर झाली, आणि इकडच्या दोन्ही डब्यांतून संपतचा घोगरा आवाज आला, "अवं... ओव्हर."

बद्रीनाथनं कपाळावर हात मारून घेतला. शेवटी त्यानंच तोड काढली. माणसांची नावंच नकोत, जागांची घेऊ. तो तंबू, हा सांडवा, ती टेकडी. कौसल्यानं लगेच बटन दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सांडवा, सांडवा, टेकडी बोलून राह्यली. ओव्हर."

"टेकडी, टेकडी, सांडवा ऐकून राह्यला. ओव्हर."

आणि काय सांगावं, अकरा वर्षांत जे जमलं नव्हतं ते त्या डब्यानं एका दुपारी जमवलं. दोघांना एकमेकांना हाक मारायला नाव मिळालं. घरीसुद्धा तो ताटावर बसून हळूच म्हणायचा, "टेकडी, मीठ दे जरा." ती पदराआड हसायची, "घ्या सांडवा." चतुराबाईला वाटलं दोघांना ऊन लागलं.

कामावरही तेच. सुरुंग होऊन गेला की टेकडीवरून ठरलेली हाक यायची. सांडवा, सांडवा, भाकर खाल्ली का? सांडव्याकडून यायचं, कोरड्यास तिखट झालंय. संपत तसा मुका माणूस, घरात दिवसाकाठी दहा शब्द बोलायचा. पण बटन दाबलं की त्याला कंठ फुटायचा. समोर माणूस नसला की काही माणसांना बोलता येतं, त्यातला तो.

पण हे तिसरा डबाही ऐकत होता ना! एका दुपारी मेथीच्या भाजीवरून गोष्ट लांबली आणि तंबूतून बद्रीनाथ कडाडला, "तंबू बोलतोय! हे सरकारी मशीन आहे, तुमची ओसरी नव्हे! सेल काय झाडाला लागतात? ओव्हर!"

संपत लाजून पाणी पाणी झाला. संध्याकाळी घरी येताना तो म्हणाला, "आता काम उरकल्याबिगर मी काही उत्तर देणार न्हाई बघ. सायबाचं बी बराबर हाये."

"नका देऊ," कौसल्या म्हणाली. राग नव्हता त्यात. पण तिला वाईट वाटलं, ते वाटलंच.

दुसऱ्या दिवशी पाच भोकं भरली होती. कौसल्यानं वाट मोकळी असल्याचं कळवलं. भुजंगनं वाती पेटवल्या आणि तो नि संपत दगडी आडोशामागं जाऊन बसले. आडोशामागून काही दिसत नाही, तिथं आवाज मोजतात. भुजंगचे कान तर वीस वर्षांच्या दारूनं निम्मे गेलेले. कौसल्या मात्र वर उभी राहून डोळ्यांनी मोजायची. एक धुराळा उठला. दुसरा. तिसरा, चौथा. चौथ्याचा आवाज डोंगराच्या कड्यावर आदळून परत आला, तो चांगला दणदणीत.

ती पाचव्याची वाट बघत उभी होती. तेवढ्यात डबा बोलला, "तंबू, तंबू, सांडवा बोलून राह्यला. पाची वाजले. खडक बघायला चाललो. ओव्हर."

"ठीक आहे," तंबू म्हणाला.

पाच? धुराळे तर चारच होते; कड्यावरून परत आलेला आवाज त्यांनी पाचवा धरला होता. एक भोक अजून जिवंत होतं, आणि संपत डबा खांद्याला अडकवून आडोशाबाहेर आला होता. पिवळा पटका तिला लख्ख दिसत होता.

तिनं बटन दाबलं, श्वास थांबली. "सांडवा, सांडवा, टेकडी बोलून राह्यली. ओव्हर." बटन सोडलं.

खरखर.

संपतनं ऐकलं होतं. रोजची हाक ती, रोजच्याच वेळेला. भाकर खाल्ली का, दुसरं काय. तो गालात हसला आणि चालत राहिला. तंबूत बद्रीनाथनं मान हलवली, म्हणजे आजही सुरू.

"सांडवा, सांडवा! टेकडी! ओव्हर!"

खरखर. पटका पुढंच चाललेला. आता भोकांपासून चाळीस पावलं, मग तीस. आधी हाक, उत्तर आलं की मग निरोप. तिनं नियम पाठ केला होता आणि त्या नियमात तिचा नवरा मरायला निघाला होता. तिसऱ्यांदा बटन दाबलं तेव्हा ती श्वासभरही थांबली नाही.

"संपत!"

तेवढंच. पुढं 'थांबा' म्हणायचं होतं, 'चारच वाजले' म्हणायचं होतं.

पण तिकडं पटका जागच्या जागी थांबला. अकरा वर्षांत त्या तोंडातून त्यानं आपलं नाव ऐकलं नव्हतं. हसला नाही, वळला नाही, संपत नुसता उभा राहिला.

आणि पाचवा सुरुंग उडाला.

पांढरा धुराळा सांडव्यावर चढला आणि पटका त्यात दिसेनासा झाला. कौसल्या डबा तोंडापाशी धरून उभी होती. तिचा अंगठा अजून बटनावरच होता. बटन दाबलेलं असलं की समोरचं ऐकू येत नाही, हे तिच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं? म्हणूनच तिला ते सोडवेना. सोडलं आणि नुसती खरखर आली तर? दाबून धरलंय तोवर तो जिवंत होता.

धुराळा हलला, तरी पटका दिसेना. तिनं डाव्या हातानं उजव्याचा अंगठा धरला आणि उचलला.

"...ल्या. कौसल्या." कोण जाणे किती वेळ तो बोलत होता. "कौसल्या, उभा हाये मी. पटका गेला उडून, कपाळाला खरचटलंय जरा. बाकी बिलकुल काही न्हाई. ऐकलं मी. कौसल्या, ऐकलं. ओव्हर."

आता बोलायची पाळी तिची होती. तिनं बटन दाबलं, एक श्वास थांबली, आणि रडायला लागली. तंबूत बद्रीनाथनं ते ऐकलं, सांडव्यावर संपतनं आणि भुजंगनं ऐकलं. सेल उतरत होते. ती बटन सोडीपर्यंत सगळे थांबले.