गाळलेली ओळ

आष्टीहून वर्ध्याची एसटी हलली, तेव्हा बा खिडकीशी धावत माझ्या मांडीवर वांग्यांची टोपली ढकलत होता. रामा, तू एवढासा भाऊ माझा, त्याच्या सदऱ्याला धरून मागे फरफटत होतास. कॉलेजात निघालेल्या मुलीला वांगी! मी लाजून टोपली सीटखाली सरकवली. सत्तरच्या दशकाची सुरुवात, मी अठराची, दोन वेण्या आणि अक्कल गुडघ्यात. बा साऱ्या स्टँडला ओरडून सांगत होता, "सरकारनं बक्षीस देलं माह्या पोरीले, शिकाले!"

बक्षीस कसलं! सरकारी कर्ज होतं, शिकून झाल्यावर फेडायचं. बाला सहीपुरतं लिहिता यायचं. जामीनदाराचा कागद मीच त्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि 'मुलीने न फेडल्यास जामीनदाराकडून वसूल' ही ओळ गाळली. ऐकली असती तर त्याने सही केली नसती. विहिरीलगतची भाजीची वाडी, एवढंच तर होतं आपल्याकडे. पण मी नोकरी लागताच दोन वर्षांत फेडून टाकणार होते. महाराणीच ना!

पदवीनंतर गावच्या शाळेत शिकवायला आले असते तर दर वर्षी थोडं थोडं कर्ज माफ झालं असतं. पण बाईसाहेबांना आष्टीत खडू झिजवायचे नव्हते. लग्न केलं, बोरगाव मेघेत खोली घेतली, नवऱ्याबरोबर टायपिंग इन्स्टिट्यूट काढलं. मशीनं उधारीवर, पंखे उधारीवर, पाटी तेवढी रोखीची. काही वर्षांत ते सगळं बसलं आणि आम्ही दोघांनी वर्ध्याच्या कोर्टात नादारीचा अर्ज केला. यथावकाश ऋणमुक्तीचा हुकूम हातात पडला. मी कोर्टाच्या आवारात पेढे वाटले. दिवाळं निघाल्याचे पेढे!

वकीलसाहेबांनी पेढा तोंडात टाकला. "बाई, दुकानदारांचं सुटलं. तुमचं शिक्षणाचं कर्ज सरकारचं हाय, ते या हुकुमानं सुटत नाई. अन् तुमच्याकडून नाई निघालं, तर जामीनदार हायेच ना."

मी बाला कळवलं नाही. तहसीलच्या माणसाने कळवलं, बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांसमोर.

मी गेले तेव्हा बा वाडीत वांगी तोडत होता. त्याने खिशातून तो जामीनदाराचा कागद काढला. "बाई, थे ओळ कुठी हाय? बोट ठेवजो."

मी बोट ठेवलं. तो तिथे बघत राहिला, जणू आता वाचता येणार होतं.

"काऊन नाई सांगतलं?"

त्या उन्हाळ्यात वाडी विकली. पुढे बा त्याच वाडीत रोजाने वांगी तोडायला जायचा.

आम्ही पुण्याला आलो. मी पत्रं लिहायची. पुष्कळ वर्षांनी तू सांगितलंस, रामा, की बा माझं पत्र आधी तुझ्याकडून वाचून घ्यायचा आणि मग पोस्टमनकडून. तब्येत बरी आहे, इथे कांदा महाग आहे, एवढंच असायचं त्यात. तरी दोनदा.

इथे नातवंडं विचारतात, आजी, तुझं घर कुठे? मी थापा मारते, ती हसतात, सगळं खरं मानतात. माझं लिहिलेलं दोघांकडून तपासून घेणारा माणूस जिथे होता, ते माझं घर. आता तिथे वांगी दुसऱ्याची आहेत आणि बा नाही.

हे पत्र पोचलं की तू मोठ्याने वाच. तुझ्या बायकोला शेजारी बसव, तिला ओळींवर बोट फिरवू दे. या खेपेला मी काही गाळलेलं नाही. ज्याने ऐकायचं, तो मात्र गेला.